नकाशेवाला खेळायला आला आहे

१

पत्र हाताने लिहिलेलं होतं. निळ्या शाईत, आखीव अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

"महोदय, माझे यजमान नऊ महिन्यांपूर्वी वारले. गेले तीन आठवडे ते रोज दुपारी सव्वाचार वाजता तुमचा खेळ खेळायला येतात आणि पाच वाजता जातात. रविवारी येत नाहीत. हे कोण आहे ते मला कळवावे. आणि जर तेच असतील, तर तसेही कळवावे."

मी पत्र दोनदा वाचलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी एकदाच वाचलं.

"खातं चोरीला गेलंय," ते म्हणाले. "कोणीतरी मेलेल्या माणसाच्या नावावर फुकट खेळतोय. चोर शोधा, खातं बंद करा, विषय संपवा."

माझं अर्धं आयुष्य वीजमीटर तपासण्यात गेलं. कोणी तारेला आकडा टाकलाय, कोणी मीटरला चुंबक लावलंय, ते हुडकायचं. मग गुडघे बोलायला लागले, जिने चढवेनात, आणि मी या व्हिडिओ गेमच्या कंपनीत आले. काम तेच, फक्त विजेच्या जागी खेळ.

चार वर्षांपूर्वी कंपनीने आपल्या खेळांना कुलूप लावलं. दुकानातून नवी डिस्क आणायची, मशीनमध्ये घालायची, की ती तुमच्या नावाच्या खात्याला कायमची बांधली जाते. तीच डिस्क दुसऱ्या कोणी दुसऱ्या नावाने लावली तर पहिला तासभर खेळ चालतो, मग पडदा काळा होतो आणि नवी डिस्क घ्या म्हणून सांगतो. जुन्या डिस्कची विक्री थांबावी एवढाच हेतू. ती थांबलीही. पण पाणी कुठून ना कुठून वाट काढतंच. लोक डिस्कबरोबर नावही विकायला लागले. डबीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर खात्याचं नाव आणि पासवर्ड. घेणारा त्या नावाने खेळायचा. अशी उसनी नावं शोधून बंद करणं हे माझं काम.

आजवर दीडेकशे नावं बंद केली असतील. त्यांतलं एकही मेलेल्या माणसाचं नव्हतं.

२

बाई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. वय चौसष्ट-पासष्ट, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर झोप न झाल्याची सावली. मला बसवलं, पाणी दिलं आणि फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला, जसं कोणी डॉक्टरांपुढे हात ठेवतं.

"हे सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायचे," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर काय करावं सुचेना. मग मुलानेच हा खेळ आणून दिला. एक बेट असतं, त्यावर फिरायचं. लोक तिथे घरं बांधतात, शेती करतात. ह्यांनी काय करावं? किनारा मोजायला घेतला! शंभर पावलं चालायचे, तीन दगड रचायचे, पुन्हा शंभर पावलं. दोन वर्षं तेच. मी हसायचे."

"आणि फोनवर निरोप येतो तो?"

"ह्यांनीच करून दिलं होतं. दार लावून खेळायला बसले की मला कळावं, म्हणजे मी हाका मारत बसू नये. त्यांच्या खात्यात मैत्रीण म्हणून माझं एकटीचंच नाव आहे." त्यांनी पदराने फोनची काच उगाच पुसली. "ह्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हापासून तो आवाज बंद झाला. आणि आता तीन आठवड्यांपूर्वी, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि वाजला. 'नकाशेवाला खेळायला आला आहे.' माझ्या हातात ह्यांचाच सदरा होता, बाई."

यजमानांच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली बाईंच्या पाकिटात, आणि पाकीट सदैव उशाशी. हे गेल्यावर तेराव्या दिवशी खोली बंद केली ती पहिला निरोप आला त्या दिवशीच उघडली, असं त्या म्हणाल्या.

"उघडली तेव्हा काय दिसलं?"

"तुम्हीच बघा."

खोलीत नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, टोकं केलेल्या पेन्सिलींची रांग होती, खुर्चीच्या पाठीला एक टोपी होती. टीव्हीखालचा कप्पा रिकामा. वरच्या फळीवर एकच डबी, 'बेट' या खेळाची. मी ती उघडली. आत डिस्क नव्हती.

"मशीन नाही, बाकीचे खेळ नाहीत, आणि ह्या डबीतली डिस्क नाही," बाई दारातूनच म्हणाल्या. आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. "कुलूप होतं तसं. किल्ली माझ्याकडे. मी काय समजायचं? मी म्हटलं, हे येऊन घेऊन गेले."

मी कप्प्यासमोर वाकले. जाड धुळीत मशीनएवढा स्वच्छ चौकोन होता. फळीवरही डब्यांच्या जागा स्वच्छ होत्या. म्हणजे भोवती धूळ साचल्यावर, अगदी अलीकडे, कोणीतरी वस्तू उचलल्या होत्या. पण 'बेट'च्या डबीवर मात्र धुळीचा थर होता, झाकणाच्या फटीवरसुद्धा, फक्त बोटं लागली तिथे तुटलेला. त्यावर आत्ताच्या माझ्या बोटांचे ठसे आणि शेजारी आणखी एका हाताचे, लहान.

"ही डबी तुम्ही उघडली होती?"

"त्या दिवशी. एकदाच."

मी डबी जागेवर ठेवत होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. लहानसा, गोड, दोन सुरांचा आवाज.

बाईंनी दाराची चौकट धरली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"आले हे," त्या म्हणाल्या.

३

मित्राच्या खात्यात फोनवरून पाहुणा म्हणून जाता येतं. काही करता येत नाही, फक्त बघायचं आणि निरोप लिहायचा. बाईंनी हे आजवर एकदाच केलं होतं आणि घाबरून बंद केलं होतं. आता फोन माझ्या हातात होता आणि त्या माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

करड्या समुद्राच्या काठाने एक माणूस चालत होता. आमच्याकडे पाठ. अंगात लांब कोट, डोक्यावर टोपी. त्या खोलीतल्या खुर्चीवर होती तशीच. चालणं अडखळत होतं. चार पावलं, थांबणं, चार पावलं, थांबणं. मग तो वाकला. एक दगड. त्यावर दुसरा. त्यावर तिसरा. त्याच्या मागे किनाऱ्याने अशा दगडांची रांग धुक्यात नाहीशी झाली होती.

"शंभर," बाई पुटपुटल्या. "मोजली मी. शंभरच."

मी लिहिलं, "कोण आहात?"

तो थांबला. हळूहळू वळला, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने, जसं कोणी मान आखडलेला माणूस वळावा. खेळातल्या माणसांना चेहरा असतो आणि नसतोही. त्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं. उत्तर आलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग त्याने हात वर केला, खाली घेतला, आणि पुन्हा समुद्राकडे वळून चालू लागला.

"ह्यांना लिहायला आवडायचं," बाई म्हणाल्या. "कोणी विचारलं तर हे चार ओळी लिहिणारे. बोलत का नाहीत?"

पाचाच्या ठोक्याला तो दगड उचलून उभा होता. दगड हातातच राहिला आणि माणूस दिसेनासा झाला. दगड रचायलाही थांबला नाही. जणू कोणी मागून धरून ओढून नेलं.

बाहेर पडले तर जिन्यात त्यांचा मुलगा उभा होता. पस्तिशीचा, चष्मा, हातात ऑफिसची बॅग. घरात जायचं सोडून तो माझी वाट बघत थांबला होता.

"मॅडम, आईला दगदग नको. ती बाबांशी बोलते हल्ली. आम्ही तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलंय."

"मशीन कोणाला विकलं?" मी विचारलं.

त्याने कठडा धरला.

"खोलीला एकच कुलूप," मी म्हणाले, "आणि किल्ली उशाशी. झोपलेल्या आईच्या उशाशी हात घालणारा माणूस घरातलाच असतो."

तो पायरीवर बसला. "महिना झाला," तो म्हणाला. " मला ते टीव्हीखाली बघवत नव्हतं. आई दार उघडणार नाही, म्हणजे तिला कळणारही नाही, असं वाटलं. आणि मग तो आवाज सुरू झाला. आता कुठल्या तोंडाने सांगू? ती म्हणते बाबा घेऊन गेले. मी म्हणू का, आई, बाबा नाही, मी?"

"मशीनवर बाबांचं नाव तसंच ठेवून विकलं?"

"ठेवावंच लागतं. नाव काढलं तर कोणी हात लावत नाही, तुमच्याच नियमामुळे." त्याने वर पाहिलं. "म्हणजे ज्याने ते घेतलंय त्याने खेळायला सुरुवात केलीय, हो ना? तो जो कोणी आहे, तो बाबांसारखा का चालतोय पण?"

४

मुलाने पत्ता दिलेलं जुन्या खेळांचं ते दुकान एका छपाईखान्याच्या खाली, चार पायऱ्या उतरून होतं. मालकाला सगळे खोकेवाला म्हणत. दुकानाच्या भिंतीला छतापर्यंत डब्या लागलेल्या, आणि गिऱ्हाईक मी एकटी.

"या," तो म्हणाला. "कुलूपवाल्या कंपनीच्या ना? तुमच्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं. गिऱ्हाईक इतकं हळू उतरत नाही."

मी नकाशेवाल्याचं नाव घेतलं. त्याने नाही म्हटलं नाही. उठून मागून मशीन आणलं आणि काउंटरवर ठेवलं. वायरीवर बाईंच्या मुलाने बांधलेली सुतळी अजून तशीच होती.

"महिनाभर पडून आहे. कोणी विचारलंही नाही. चालू करून बघा."

मी चालू केलं. पडद्यावर नाव आलं, नकाशेवाला. शेवटी वापरल्याची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. डिस्कची जागा रिकामी.

"बाकीच्या डिस्क होत्या, बेट नव्हतं," खोकेवाला म्हणाला. "मी मुलाला म्हटलं, खरी मागणी त्यालाच आहे. तो म्हणाला, डबीच्या पारदर्शक कडेतून आत काही दिसलं नाही, म्हणून हात न लावता ठेवून आलो."

माझा आयता चोर हातातून गेला होता. मी स्टुलावर बसले. त्याने एक खण ओढून माझ्यापुढे केला. आत चिठ्ठ्या होत्या, शेकडो, वेगवेगळ्या अक्षरांत.

"बघताय काय, नावं आहेत. कोणी गाव सोडून गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी कंटाळलं. काहींचं काय झालं कोणास ठाऊक. माणसं गेली, नावं माझ्या खणात. पूर्वी पोरं जुना खेळ माझ्याकडे टाकायची आणि त्यावर भर घालून तुमचाच नवा न्यायची. आता जुना विकता येत नाही म्हणून नवाही जपून घेतात. तुम्हाला वाटलं मी तुमचा खिसा कापतोय. अहो, तुमच्या दुकानाची मागची पायरी मी होतो."

"ही नावं मला बंद करावी लागतील," मी म्हणाले.

"करा. पण यातल्या प्रत्येक नावाखाली कोणीतरी जिवंत खेळतंय, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या नकाशेवाल्याखालीही असेल."

रस्त्यावर आले तर फोन वाजला. साहेब होते. "शुक्रवारपर्यंत संपवा. सापडला नाही तरी खातं पुसून टाकू. बेटासकट."

"बेटासकट?"

"खातं गेलं की त्यातलं सगळंच जातं. नवीन आहात का?"

५

'बेट' बनवणाऱ्या सहाजणांपैकी दोघंच आता कंपनीत उरले होते. त्यातली एक तळमजल्यावर बसायची, कानाला हेडफोन, टेबलावर वाळलेलं झाड. खेळात कोण कधी येतं, काय दाबतं, याची नोंद तिच्याकडे असते. मी आधी तिच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते. दुकानातून आल्यावर माझा मूडच तसा होता.

"कुलूप कशाला लावलंत तुम्ही?" मी म्हणाले. "लोक वस्तू विकत घेतात, आणि ती त्यांची होतच नाही."

तिने हेडफोन काढला. "आमचा आधीचा खेळ आठवतोय? नाही आठवणार. एक डिस्क वीस हातांतून फिरली. खेळणारे पुष्कळ, विकत घेणारे मूठभर. आमचं ऑफिस बंद पडलं. चारजण घरी बसले, त्यातला एक माझा नवरा. मला कुलूप आवडतं असं नाही, पण ते नसतं तर हे बेटही नसतं." मग कीबोर्ड पुढे ओढून, "नाव सांगा. कोणाचं बघायचंय?"

नकाशेवाला म्हटल्यावर ती सरळ बसली. "किनारा मोजणारे? ते गेले? आम्ही दोघं कधीकधी त्यांचे दगड बघायला जायचो. आम्ही बनवलेलं बेट आम्हीसुद्धा एवढं चाललो नाही."

तिने नोंदी काढल्या. मशीनच्या जागेच्या नोंदीवरून फक्त शहराचा भाग कळत होता, आणि तो बाईंच्या घराचाच होता. मी उसासा टाकला. मग ती पडद्याच्या जवळ सरकली.

"हे विचित्र आहे. हा माणूस एकाच हाताने खेळतोय. डाव्या. चालायचं बटण आणि वळायचं बटण कधीच एका वेळी दाबत नाही. म्हणून तो तुकड्यातुकड्याने वळतो. आणि दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं सगळं थांबतं, अगदी घड्याळ लावल्यासारखं. पाच वाजता खेळ बंद करत नाही, मशीनच बंद होतं. कोणीतरी भिंतीवरचं बटण दाबतं."

"रोज?"

"रविवार सोडून. आणि ऐका, हे मशीन खात्याला नवीन नाही. मागच्या वर्षीही हे खातं याच मशीनवर सात आठवडे चाललंय." तिने तारखा वाचून दाखवल्या.

मी वही उघडली. बाईंनी सांगितलेल्या तारखा शेजारी होत्या. त्या सात आठवड्यांत यजमान कुणाच्या घरी जाणं शक्यच नव्हतं. ते दवाखान्यात होते. आणि बाईंच्या फोनवर त्या काळात निरोप का आला नाही? आला असता तर बाईंनी त्यांना विचारलंच असतं. मग यजमानांनी तो बंद ठेवला असणार.

"निरोप खात्यातून बंद करता येतो?" मी विचारलं.

"येतो. त्या मशीनपुरता केला होता. नंतर खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा तसल्या सगळ्या निवडी पुसल्या गेल्या. म्हणून आता वाजतोय."

सगळं एका ओळीत आलं. बाईंच्या आणि माझ्या बोटांखेरीज डबीवरची धूळ सलग होती, कारण डिस्क धूळ बसण्याच्या आधीच घराबाहेर पडली होती. यजमानांनीच ती बाहेर नेली होती. डिस्क नेली तिथे मशीन होतं; ती जागा रविवारी बंद राहायची, पाचला तिथे कोणीतरी कुलूप लावून जायचं. तिथे दहा मिनिटं काम आणि दोन मिनिटं विश्रांती असा शिरस्ता होता. आणि तिथे येणाऱ्याचा एक हात चालत नव्हता.

मी वही मिटली. चोर नव्हताच. आता हे त्या बाईंना सांगायचं होतं.

६

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर व्यायामाची खोली होती. बाई माझ्याबरोबर आल्या. त्या जिन्यावर त्यांनी माझा हात धरला, कारण नऊ महिन्यांपूर्वी त्या शेवटच्या याच जिन्याने उतरल्या होत्या.

व्यायाम घेणाऱ्या फिजिओ मुलीने आम्हाला दारातच थांबवलं आणि सगळं हळू आवाजात सांगितलं.

"काकांचं बोटांचं बळ जायला लागलं होतं, म्हणून मी त्यांना इथल्या मशीनवर खेळायला लावायचे. त्यांनी डिस्क आधीच नकाशांच्या फाइलमध्ये घालून ठेवली होती; ती फाइल घरून मागवून घेतली."

"ती फाइल मीच आणली," बाई म्हणाल्या. "आत काय आहे ते मी बघितलं नाही."

"मला म्हणायचे, 'घरी कळवू नकोस. बायकोला वाटेल, इथेही मी खेळतोच आहे.' त्यांच्या शेजारच्या खाटेवर हा, आत बसलाय तो, होता. बस चालवायचा. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काका खेळायचे आणि हा खुर्चीत बसून बघायचा. काका त्याला रोज सांगायचे, उत्तरेचा किनारा राहिलाय बरं का. नंतर काका गेले. याला भावाने गावी नेलं. चार आठवड्यांपूर्वी पुन्हा आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने त्या मशीनकडे बोट दाखवलं. मी त्याच्यासाठी नवं नाव करून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी, तास भरल्यावर, पडदा काळा झाला. मग त्याने यादीतलं काकांचं नाव निवडलं. मी म्हटलं, हे बरोबर नाही. पण तो हात चालवत होता, ताई. आठ महिन्यांत पहिल्यांदा."

काचेतून आत दिसत होतं. रुंद पाठीचा एक माणूस चाकांच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, कोणी विसरून गेल्यासारखा पडलेला. डावा हात बटणांवर. समोरच्या पडद्यावर तो कोट, ती टोपी, तो करडा समुद्र. त्या खोलीत सगळं नऊ महिन्यांपूर्वीसारखंच असावं. फक्त खुर्चीतला माणूस बदलला होता.

बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही शोधलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण आणखी आठवडाभर नसतं शोधलंत, तरी चाललं असतं."

मी आजवर दीडशे नावं बंद केली. एकदाही असं वाटलं नव्हतं, की मी कुणाचं माणूस दुसऱ्यांदा नेलं.

"मला वाटलं होतं, हेच असतील," त्या म्हणाल्या. "शहाण्या बाईला वाटू नये, पण वाटलं होतं. दुपारी सव्वाचारला मी केस नीट करून बसायचे."

मग त्यांनी डोळे पुसले आणि दार ढकलून आत गेल्या.

त्याने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातून बटणं गळाली. त्याने त्यांना ओळखलं होतं. तोंडातून नुसताच एक ओढलेला आवाज निघाला. डावा हात वर गेला, खाली आला. बेटावरच्या माणसाने आम्हाला केला होता तोच इशारा.

"तुम्ही शेजारच्या खाटेवर होतात," बाई म्हणाल्या. "सात आठवडे मी रोज डबा घेऊन येत होते. ह्यांच्याकडे तोंड, तुमच्याकडे पाठ. एकदाही तुमच्याकडे पाहिलं नाही मी. माफ करा हं."

त्याने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. आणि मग पडद्याकडे बोट केलं. उत्तरेच्या किनाऱ्यावर दगडांची रांग, आणि पुढे बोटभर मोकळी वाळू.

बाईंनी जवळची खुर्ची ओढून घेतली. "एवढंच राहिलंय होय? चला मग. मी पावलं मोजते."

७

मी साहेबांना अहवाल दिला. खातं चोरीला गेलेलं नाही; खातेदाराने आपली डिस्क ज्या मशीनवर लावली होती, त्याच मशीनवर ती आहे; खातेदाराच्या मृत्यूचा दाखला कंपनीकडे आलेला नाही. तिन्ही वाक्यं खरी होती. कंपनीचा नियम असा की दाखला आल्याशिवाय माणूस मेला असं धरायचं नाही. साहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"दाखला मागवा."

"मागवला आहे. त्या बाई देतील म्हणाल्या. सवडीने."

सवड सहा आठवड्यांची निघाली. मुलाने एका रविवारी आईला मशीनचं खरं सांगून टाकलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "किल्ली मागितली असतीस तर दिली असती रे." त्यानंतर खोलीला कुलूप लागलं नाही.

सहाव्या आठवड्यात किनारा पूर्ण झाला. शेवटचे तीन दगड पहिल्या तीन दगडांशेजारी बसले. तळमजल्यावरच्या मुलीने त्या बेटाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून पाठवला; कोणी सांगितलं नव्हतं, तिनेच केलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं टपाल आलं. आत दाखला होता. चिठ्ठी वगैरे काही नाही. मी स्वतःच्या हाताने ते खातं बंद केलं. बटण दाबायला मला इतका वेळ लागला की शेजारच्या माणसाने विचारलं, मशीन अडकलंय का.

बाई खोकेवाल्याकडे गेल्या आणि यजमानांचं मशीन परत आणलं. नाव पुसून ते बसवाल्यासाठी दिलं. डिस्क मात्र त्याच दुकानातून नवी, सीलबंद घेतली. साहेब खूष झाले. "बघा," ते म्हणाले, "नियम नसता तर ही विक्री झाली असती का?" त्यांचं खोटं नव्हतं. तीनएक महिन्यांनी खोकेवाल्याचं दुकान बंद झालं. तो नावांचा खण त्याने मला देऊ केला. मी घेतला नाही. तो त्याचं काय करणार, हे विचारायचंही मला धाडस झालं नाही.

नवी डिस्क लावली त्या दुपारी बाईंनी मला दवाखान्यात बोलावलं होतं. पडद्यावर रिकामी चौकट आली: खेळणाऱ्याचं नाव लिहा. बसवाल्याने सवयीने डावा हात पुढे केला. फिजिओ मुलीने तो अलगद धरून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे उजव्या हाताने," ती म्हणाली. "कोणी मदत करायची नाही."

तो तिच्याकडे रागाने बघत राहिला. मग त्याने उजवा हात उचलायला घेतला. खांदा हलला, कोपर हललं, बोटं हलेनात. कपाळावर घाम आला. बाई त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने अंगठा सरकला आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं. चुकीचं. त्याने ते खोडलं. पुन्हा सुरुवात केली.

चाळीस मिनिटं लागली. पण त्याने त्याचं नाव लिहिलं, सगळं, आडनावासकट.